खारवट रान, कडधान्यं आणि मुळांवरच्या गाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारामती, इंदापूर, दौंडकडचे बागायतदार आणि पुणे शहरात गच्चीवर भाजी पिकवणारी मंडळी, दोघांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते: जिवाणू खत लावलं, पण गाठीच आल्या नाहीत. या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा मीठ असतं आणि तिकडे लक्ष सगळ्यात शेवटी जातं. म्हणून हे प्रश्न एका जागी घेतले आहेत.

मुळांवरच्या गाठी हा रोग तर नाही ना?

नाही. हरभरा, सोयाबीन, तूर, मूग, भुईमूग, चवळी, मेथी यांच्या मुळांवर येणाऱ्या या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. हे जिवाणू त्याचा अमोनिया करून पिकाला देतात आणि पीक त्यांना साखरेपासून बनलेलं खाद्य पुरवतं. अनुकूल जमिनीत सोयाबीन आपल्या गरजेचा निम्मा किंवा त्याहून अधिक नत्र असाच मिळवतं. हरभऱ्याच्या बेवडावर पुढचं पीक चांगलं येतं हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे, त्यात या गाठींचा मोठा वाटा आहे.

सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या गाठी वेगळ्या. त्यात मूळच फुगतं, गाठ वेगळी काढता येत नाही. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि नखाने अलगद सुटते.

सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालतो का?

चालत नाही. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम, हरभऱ्याला मेसोरायझोबियम, वाटाणा-मसूरला वेगळा, घेवड्याला वेगळा, लसूणघास आणि मेथीला वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचा एक मोठा गट आहे आणि त्यांचे जिवाणू आपल्या मातीत बहुधा असतातच. सोयाबीन मात्र आपल्याकडे उशिरा आलेलं पीक. ज्या रानात ते कधीच घेतलेलं नाही तिथं त्याचा जिवाणू नसण्याची शक्यता जास्त, म्हणून पहिल्या वर्षी बीजप्रक्रिया चुकवू नये. पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्या.

जमिनीत मीठ वाढलं की नेमकं बिघडतं कुठं?

याचं उत्तर नीट कळलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप सुटतात.

आधी गाठ कशी बनते ते पाहू. मुळातून फ्लॅवोनॉइड नावाची द्रव्यं मातीत झिरपतात. ती ओळखून जिवाणू आपला रासायनिक निरोप सोडतो. तो पोचला की मुळावरचा बारीक केस टोकाशी वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग त्या केसाच्या आत एक बारीक नळी तयार होते. तिच्यातून जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींपर्यंत जातात आणि तिथं गाठ वाढू लागते. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर दोनेक आठवड्यांत गाठ डोळ्यांना दिसते. म्हणजे जे काही ठरायचं ते उगवणीच्या आसपासच्या थोड्या दिवसांत ठरतं.

मीठ घाव घालतं ते याच टप्प्यावर. मूळकेस कमी येतात, वळत नाहीत, नळी तयार होत नाही. सिंगलटन आणि बोहलूल या संशोधकांनी १९८४ साली सोयाबीनवरचा एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एकाच झाडाची मुळं दोन भागांत विभागली आणि मीठ व जिवाणू एकाच भागाला दिले. दुसरा भाग निर्मळ पाण्यावर, त्यामुळे झाडाची वरची वाढ थांबली नाही आणि मिठाचा गाठींवरचा परिणाम तेवढा वेगळा पाहता आला. लिटरमागे साधारण दीड ग्रॅम मीठ होतं तेव्हाच गाठींची संख्या निम्म्यावर आली. तीन ग्रॅमला ती नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. झाड मात्र तेवढंच वाढलं होतं, शेंड्याचं वजन कमी झालं नव्हतं. कमी झाला होता तो झाडातला नत्र. आणि जिवाणू? ते मुळांवर पहिल्याइतकेच वसलेले होते.

म्हणजे जिवाणू हजर होता, झाड जिवंत होतं, पण दोघांची गाठ पडली नाही. खारवट रानात कडधान्याचं पहिलं नुकसान हे असं होतं, पानावर काही दिसण्याच्या कितीतरी आधी.

मग जिवाणू मिठाने मरत नाहीत का?

बहुतेक रायझोबियम यजमान पिकापेक्षा जास्त मीठ सोसतात. मेथी-लसूणघासाचा जिवाणू तर त्याचं पीक कोमेजून जाईल इतक्या मिठातही वाढतो. हे जिवाणू पेशीत ट्रेहॅलोज, ग्लुटामेट, ग्लायसिन बीटेन अशी द्रव्यं साठवून बाहेरच्या खारटपणाशी तोल साधतात. सोयाबीनच्या हळू वाढणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमची सहनशक्ती तुलनेने कमी, तरीही तिथं आधी हार मानतं ते मूळच.

ज्या गाठी आल्या आहेत, त्या तरी नीट काम करतात का?

कमी करतात. नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) सोळा रेणू खर्चावे लागतात. एवढी ऊर्जा साखर आणि प्राणवायूशिवाय मिळत नाही. पण नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होतं, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन नावाचं गुलाबी द्रव्य प्राणवायू मोजून-मापून पुरवतं. मीठ वाढलं की ही सगळी साखळी खिळखिळी होते. पानात साखर कमी बनते, गाठीतलं साखर फोडणारं विकर मंदावतं, गाठीच्या आवरणातून प्राणवायू कमी शिरतो आणि लेगहिमोग्लोबिनचा ऱ्हास लवकर सुरू होतो. गाठ अकाली म्हातारी होते. शिवाय मिठाच्या ताणात झाडात इथिलीन हे संप्रेरक वाढतं आणि ते नवीन गाठी येऊ देत नाही.

गाठी तपासायच्या कशा?

झाड उपटू नका, अर्ध्या गाठी मातीतच राहतात. सोयाबीन फुलावर यायच्या सुमाराला, रान वाफशावर असताना, खुरप्याने झाडाभोवती वीतभर खोल गोल कापा आणि ढेकळासकट उचला. बादलीत पाण्यात बुडवून माती आपोआप सुटू द्या. मग मुख्य मुळाच्या वरच्या भागाकडे पाहा, कारण लवकर लागण झालेल्या गाठी तिथंच दाटीने असतात. पाच-सहा गाठी नखाने किंवा ब्लेडने मधोमध चिरा. आतून गडद गुलाबी ते लाल दिसली तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर ती कोवळी तरी आहे किंवा कुचकामी तरी. हिरवट, तपकिरी, पिचपिचीत म्हणजे तिचं आयुष्य संपलं.

एकच झाड पाहून निष्कर्ष काढू नये. रानाच्या खोलगट भागातली दोन-तीन आणि उंचवट्यावरची दोन-तीन झाडं काढून शेजारी शेजारी ठेवा. खारवट रानात हा फरक इतका ठळक दिसतो की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पीक पिवळं पडलंय. मीठ, नत्र की लोह?

खालची जुनी पानं आधी आणि सरसकट पिवळी: नत्र कमी, म्हणजे गाठींवर संशय. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह कमी, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हे फार दिसतं. पानांच्या कडा आणि टोकं करपलेली: मिठाचा थेट मार. चुनखडी आणि क्षार एकाच रानात असले तर तिन्ही एकदम दिसतात. तेव्हा पानावरून अंदाज बांधण्यापेक्षा मूळ उचलून पाहिलेलं बरं.

गाठी नाहीत, तर युरिया टाकून वेळ भागवू का?

हंगाम हातचा जातोय, पीक उपाशी आहे, तेव्हा थोडा नत्र द्यावा लागतो, हे मान्य. पण पेरणीलाच भरपूर नत्र दिला तर पीक गाठी बनवण्याच्या भानगडीत पडत नाही. तयार नत्र मिळत असताना गाठी कमी येतात, हा कडधान्यांचा स्वभाव आहे. म्हणूनच हरभऱ्याला हेक्टरी २५ किलोच्या आसपासच नत्राची शिफारस असते. दुसरं म्हणजे रासायनिक खत हेही मीठच. म्युरेट ऑफ पोटॅशचा क्षारांक, म्हणजे खत माती किती खारट करतं त्याचं माप, या खतांत सर्वांत वरच्यांपैकी आहे, सल्फेट ऑफ पोटॅशचा त्याच्या निम्म्याहून कमी. खारवट रानात पोटॅश द्यायचंच तर दुसरं निवडा. आणि कोणतंही खत बियाला चिकटून पडू देऊ नका. बियाखाली आणि थोडं बाजूला पेरा.

माती परीक्षणात ईसी ०.९ आली. म्हणजे रान चांगलं ना?

ईसी म्हणजे विद्युत वाहकता, मातीतल्या विद्राव्य क्षारांचं माप. ती कशी मोजली ते आधी विचारा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात. पुस्तकांतल्या पिकांच्या मर्यादा मात्र मातीच्या संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्काच्या असतात. त्यात पाणी कमी, म्हणून आकडा मोठा येतो, पोतानुसार साधारण दोन ते चार पट. पातळ द्रावणातली ०.९ ही लगद्याच्या हिशोबात दोन-तीनच्या घरात जाऊ शकते. गव्हाला त्याचं काही वाटणार नाही, घेवड्याला फार वाटेल.

नमुना कधी घेतला हेही तितकंच महत्त्वाचं. एप्रिल-मे महिन्यात केशाकर्षणाने क्षार वर आलेले असतात, सप्टेंबरात पावसाने खाली गेलेले. रब्बी हरभऱ्यासाठी निर्णय घ्यायचा तर पेरणीआधीचा नमुना घ्या आणि वरची १५ सेंटिमीटर माती वेगळी, खालची वेगळी तपासून घ्या.

कोणतं पीक किती मीठ सोसतं?

लगद्याच्या अर्काच्या ईसीप्रमाणे, उत्पादन घटायला सुरुवात होते ती पातळी डेसिसायमन प्रति मीटरमध्ये अशी: घेवडा १, लसूणघास २, भुईमूग ३.२, चवळी ४.९, सोयाबीन ५, गवार ८.८. हरभरा फार नाजूक आहे, मूगही कच्चाच. पुरंदरच्या वाटाण्या-घेवड्याचं नाव आहे, पण खारवट रानात त्या पिकांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या आकड्यांना एक पुरवणी जोडायला हवी. अशा चाचण्यांत पिकाला खतातून नत्र मिळालेला असू शकतो. जे पीक फक्त गाठींच्या भरवशावर आहे, ते त्याआधीच अडचणीत येतं. सोयाबीनची पाच ही मर्यादा वाचून निर्धास्त होऊ नका.

वाणावाणांतही फरक असतो. कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेचा 'करनाल चना १' हा हरभरा लगद्याच्या हिशोबात सहापर्यंतची ईसी सोसतो. सोयाबीनमध्ये जीएमसॉल्ट३ नावाचा जनुक सापडला आहे, तो शेंड्याकडे मीठ कमी चढू देतो.

पुणे जिल्ह्यात एवढं मीठ आलं कुठून?

ते बाहेरून कुणी आणून टाकलेलं नाही. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८८५ च्या सुमारास सुरू झाला. जेमतेम पावसाच्या मुलखात बारमाही पाणी आलं, ऊस आला. पाटाचं पाणी काळ्या मातीतून निथळेना, भूजल वर चढलं, उन्हाने पाणी उडून गेलं आणि खडकातून व पाण्यातून आलेले क्षार वर राहिले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० च्या सुमारासच नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास केला होता. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचं कारण आजही तेच आहे: पाणी जास्त, निचरा कमी. अशा ताणांवर काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामतीजवळ माळेगावला आहे.

जिप्सम टाकलं की काम होतं का?

खारवट आणि चोपण यांत गल्लत करू नका. खारवट रानात विद्राव्य क्षार जास्त, वर पांढरा थर फुटतो, सामू साडेआठच्या आत. तिथं जिप्समने काही साधत नाही. चर किंवा जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांनी निचरा काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवावे लागतात. चोपण रानात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या वर, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. तिथं जिप्सम हवं, पण निचऱ्यासकट. जिप्समचं कॅल्शियम सोडियमला हटवतं, हटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेला पाहिजे, नाहीतर सगळा खर्च मातीत. पुस्तकात चोपणची सीमा विनिमयक्षम सोडियम १५ टक्के अशी आहे, पण आपल्या चिकण काळ्या मातीचा निचरा त्याच्या बराच आधी बिघडतो.

कॅल्शियमचा गाठींनाही फायदा आहे. मूळकेस जिवाणूचा निरोप ओळखतो तो पेशीतल्या कॅल्शियमच्या चढउतारातूनच. आणि पाणी साचलेल्या रानात गाठींचा श्वास कोंडतो, मीठ असो वा नसो.

खारवट रानात जिवाणू खत कसं लावावं?

पद्धत नेहमीचीच, पण काटेकोर. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, गुळाच्या थंड द्रावणात कालवून, हलक्या हाताने चोळून. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकीट दुकानात उन्हात ठेवलेलं असेल तर घेऊच नका. भुकटीच्या खतात ग्रॅममागे किमान पाच कोटी, द्रवरूपात मिलिलिटरमागे दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत असा खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. मुदत पाकिटावर असतेच.

यापेक्षा जास्त फरक पडतो तो बियाभोवतीचं मीठ पहिल्या पंधरवड्यात कमी ठेवल्याने. रब्बीत पेरणीआधी ओलवणीचं पाणी जरा जास्त द्या, क्षार खाली ढकला, वाफसा आला की पेरा. सरीतून पाणी देणार असाल तर वरंब्याच्या माथ्यावर बी टाकू नका. पाणी दोन्ही बाजूंनी वर चढतं आणि सगळं मीठ माथ्यावर आणून सोडतं, पांढरी रेघ तिथंच दिसते. बी वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेजवळ टाका.

मीठ सोसणारे खास जिवाणू मिळाले तर?

मिळाले तर वापरून पाहायला हरकत नाही, पण त्यांच्यावर सगळी मदार ठेवू नका. वर सांगितलेल्या सोयाबीनच्या अभ्यासात खाऱ्या पाण्यात बनलेल्या गाठींतून काढलेले जिवाणू पुन्हा वापरले, तरी मिठात गाठी वाढल्या नाहीत. अडसर मुळाचा होता. सहनशील जिवाणूचा उपयोग होतो तो पीकही सहनशील असेल तर. इथिलीन कमी करणारे काही बॅसिलस-स्युडोमोनाससारखे साथीदार जिवाणू मात्र रायझोबियमबरोबर दिल्यास मदत करू शकतात.

गच्चीवरच्या मेथी-घेवड्याला सोसायटीचं पाणी चालेल का?

सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवला असेल तर ते पाणी कुंड्यांना देऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो, पण कुंडीची माती हळूहळू चोपण होत जाते. महापालिकेचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. सॉफ्टनरच्या आधीचा नळ मिळाला तर तोही बरा, फक्त ईसी तपासा.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात बरंच मीठ असू शकतं. भाजी-डाळीचं मिठाचं पाणी कुंडीत ओतायची सवय असेल तर ती आजच थांबवा. कुंडीच्या कडेला पांढरी पूड दिसू लागली की भरपूर गोडं पाणी खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं फेकून द्या. आणि विकतच्या कुंडीमातीत तुमच्या पिकाचा जिवाणू असेलच असं नाही, म्हणून घेवड्याच्या बियांनाही जिवाणू खत चोळा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करता येईल.

रान फारच खारवट आहे. कडधान्य सोडूनच द्यावं का?

एक-दोन हंगाम धान्याचा नाद सोडा आणि धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक घ्या. तोही शेंगवर्गीयच आहे, त्याच्याही मुळांवर गाठी येतात, पण मीठ आणि साचलेलं पाणी तो हरभऱ्या-तुरीपेक्षा कितीतरी जास्त सोसतो. या बाबतीत ताग त्याच्या मागे आहे. पावसाच्या तोंडावर दाट पेरा आणि ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या आत, खोड कोवळं असताना गाडा. उशीर झाला की खोड लाकडासारखं होतं आणि कुजता कुजत नाही. गाडलेला पाला कुजताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतो, मुळांच्या वाटांनी पाणी खाली उतरायला लागतं. त्यानंतर रब्बीत माती पुन्हा तपासा. आकडा उतरला असेल तर हरभरा आधी रानाच्या उंच भागात, दोन-चार गुंठ्यांवर घेऊन पाहा आणि फुलावर आला की खुरपं घेऊन मुळं उचलून गाठी चिरून बघा.